डिस्ने वर्ल्डला (ऑर्लँडो) पहिल्यांदाच जातोय, आधी अभ्यास किती करायचा? माझी एक्सेल आता सात शीटची झालीय

अबोली_एडिसन | १४ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज धागाच काढतेय कारण घरात या विषयावर बोलायला मला बंदी झालीय.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्लँडोला चाललोय. मी, नवरा, मुलगा (८), मुलगी (४) आणि सांगलीहून आलेले माझे आईबाबा. आईचे गुडघे कुरकुरतात. बाबा ७१ चे, पाय ठणठणीत पण रांगेत उभं राहायचा पेशन्स शून्य. न्यूजर्सीत त्या आठवड्यात शिक्षकांचं अधिवेशन असतं म्हणून शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी, त्यामुळे मुलांची शाळा फारशी न बुडवता जमतंय.

आता झालं काय, जुलैत मी सहज बघायला गेले की तिकिटं कुठून काढायची, आणि तिथून जी घसरले ती घसरलेच. लाइटनिंग लेन, मल्टी पास, सिंगल पास, पार्क हॉपर, रोप ड्रॉप, रायडर स्विच, हे शब्द महिन्यापूर्वी माहीतही नव्हते, आता झोपेत बडबडते म्हणे. यूट्यूबवर एक जण सांगतो हॉटेल डिस्नेच्या आतलंच घ्या नाहीतर पैसे वाया, दुसरी सांगते आतलं घेतलंत तरच पैसे वाया. नवरा म्हणतो ट्रिपला चाललीयेस का यूपीएससीला बसतीयेस.

तर प्रश्न एवढाच, की पहिल्यांदा जाणाऱ्याने नक्की किती वाचायचं आणि कुठे थांबायचं? का सगळं सोडून नुसतं जायचं?

---

तात्या_टेक्सास | १५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

एक्सेल डिलीट करा. आम्ही २००६ ला गेलो होतो, गेटवर नकाशा घेतला, मशीनमधून फास्टपासची (रांगेत पुढे जायची) कागदी चिठ्ठी काढली, ती पण फुकट, दिवसभर हिंडलो, संध्याकाळी फटाके बघितले, घरी. मजा करायला अभ्यास लागत नाही.

---

गणिती | १५ ऑगस्ट, सकाळी ९:२५

तात्या, हलके घ्या, पण २००६ चा अनुभव आज सांगणं म्हणजे एसटीच्या जुन्या वेळापत्रकावर स्टँडला जाऊन उभं राहणं. तो कागदी फास्टपास कधीच गेला. मग त्याच कामासाठी जीनी प्लस आलं, २०२४ च्या जुलैपासून ते पण गेलं आणि लाइटनिंग लेनचे मल्टी पास (एकात बऱ्याच राइड) आणि सिंगल पास (एकाच राइडचा) आले. सगळं फोनवर आणि सगळं पैसे मोजून.

अबोली, आधी एक नीट डोक्यात घ्या म्हणजे निम्मा गोंधळ संपेल. डिस्ने वर्ल्ड हा एक पार्क नाहीये, साधारण ४० चौरस मैलांची जागा आहे आणि त्यात चार वेगळे पार्क आहेत. मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८). एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल नाहीतर तारेवरून जाणारा पाळणा, आणि त्यात सहज पाऊण तास जातो. त्यामुळे पहिल्या वेळी एक दिवस एक पार्क एवढंच ठरवा. हॉपरचे (एकाच दिवशी एकाहून जास्त पार्क करायचे) जादा पैसे चार वर्षांच्या मुलीबरोबर वसूल होत नाहीत.

दुसरं म्हणजे रांगेचं गणित. प्रत्येक मोठ्या राइडला दोन रांगा असतात, साधी आणि पैसे भरून लवकर जायची लाइटनिंग. त्या पुढे एका ठिकाणी मिळतात आणि तिथे उभा असलेला माणूस लाइटनिंगवाल्यांना जास्त सोडतो, साध्यांना कमी. म्हणून साधी रांग दिसायला छोटी असली तरी हलत नाही. हे कळलं की सकाळी लवकर पोचा (तुमचं ते रोप ड्रॉप) असं सगळे का ओरडतात ते पण कळतं, कारण पहिल्या तासात लाइटनिंगवाले फारसे आलेलेच नसतात, साधी रांग पळते.

मल्टी पासमध्ये तीन राइड आधी बुक करता येतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी, सकाळी ७ वाजता फ्लोरिडाच्या वेळेने. ही एक गोष्ट मात्र गजर लावून करायची. टेबलावर बसून जेवायची रेस्टॉरंट ६० दिवस आधी उघडतात. बाकी एक्सेलमध्ये काय काय आहे ते सांगा, उगाच उत्सुकता.

---

अबोली_एडिसन | १५ ऑगस्ट, दुपारी १:०५

गणिती, खूप धन्यवाद, "फारसे आलेलेच नसतात" हे वाक्य मला तीन आठवड्यांत कोणी सांगितलं नव्हतं, सगळे नुसते लवकर जा लवकर जा.

शीट म्हणजे १. विमान, गाडी २. रोजचा पार्क ३. राइड आणि त्यांची उंचीची अट ४. खाणं ५. सामान ६. दर अर्ध्या तासाचं वेळापत्रक ७. पाऊस पडला तर. सहावी कोणाला दाखवायची हिंमत नाहीये.

---

चिमणी | १५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

सहावी फाडून टाक. तिसरी मात्र फ्रेम करून लाव.

उंचीचं हलक्यात घेऊ नकोस गं. स्लिंकी डॉग आणि सेव्हन ड्वार्फ्स या राइडना ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४, ट्रॉनला ४८. मुलीची उंची आत्ता मोज, जायच्या आधी परत मोज, आणि जे जमणार नाही ते तिच्यासमोर बोलूच नका, व्हिडिओ पण दाखवू नका. माझ्या भाचीला घरी महिनाभर एक राइड दाखवली आणि तिथे पट्टीखाली अर्धा इंच कमी पडली, पुढचे दोन तास तिचं रडणं हीच आमची राइड होती.

रायडर स्विच तर सोन्यासारखं आहे. लहान मूल बसू शकत नसेल तर आधी एक पालक मोठ्याला घेऊन जातो, दुसरा धाकट्यापाशी थांबतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला परत सगळी रांग लावावी लागत नाही. बहुतेक वेळा मोठं मूल दोनदा बसून येतं, तुझा मुलगा खूश. रांगेच्या तोंडाशी जो कर्मचारी असतो त्याला आधीच विचारायचं, आत शिरल्यावर नाही.

आणि स्ट्रोलर ने. घरी चालते ना मग कशाला असं म्हणू नकोस, सहा वर्षांची पोरं पण तिथे स्ट्रोलरमध्ये लोळतात.

---

बंडू_बेफिकीर | १५ ऑगस्ट, रात्री १०:१५

मी दोन्ही टोकांना जाऊन आलोय त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

पहिली ट्रिप, ख्रिसमस ते न्यू इयरचा आठवडा, तयारी शून्य. हॉटेलातून निवांत नाश्ता करून निघालो, साडेदहाला पार्किंगला पोचलो. मला वाटलं पार्किंग म्हणजे पार्क आलंच. तर मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्काजवळ नसतंच हो, मध्ये तळं आहे, गाडी लावून ट्रॅमने एका ठिकाणी जायचं, तिथून मोनोरेल नाहीतर बोट. बॅग चेकिंग वगैरे होऊन आत पाय टाकला तेव्हा बारा वाजलेले, घड्याळात आणि माझ्या पण. अख्ख्या दिवसात चार गोष्टी झाल्या, त्यातली एक बाथरूम.

दुसरी ट्रिप मेव्हणीने प्लॅन केली. तिने लॅमिनेट केलेलं कार्ड सगळ्यांच्या गळ्यात घातलं. १०:०५ डंबो, १०:२५ पाणी पिणे. खरंच लिहिलं होतं, पाणी पिणे. ११ वाजता पोराला बदकं बघायची होती तर बदकं कार्डावर नाहीत. शेवटी कासलसमोर (सिंड्रेलाचा किल्ला हो) मी आणि बायको भांडलो, आणि गंमत म्हणजे पहिल्या ट्रिपला जिथे भांडलो होतो बरोब्बर त्याच जागी. दोन्ही फोटोत मागे कासल सुंदर आलाय.

---

शिवाजीपार्ककर | १६ ऑगस्ट, सकाळी ८:००

वाचून दमलो. आमच्या लहानपणी एस्सेलवर्ल्डला जायचं म्हणजे गोराईची बोट पकडायची, पुरी-भाजीचा डबा आणि एक टॉवेल, झाली तयारी. एवढ्या पैशात अख्खं खानदान कोकणात आठ दिवस राहून आलं असतं, वर आंब्याची पेटी.

---

चिमणी | १६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

दरवेळी कोणीतरी येऊन कोकणाचा हिशोब मांडतंच. काका, कोकणात पण जातो हो आम्ही.

---

तात्या_टेक्सास | १६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

मुद्दा पैशाचा नाहीये, रांगेत पुढे घुसायला पैसे द्यायचे हेच मला पटत नाही. पंढरपूरला दर्शनबारीत रात्र रात्र उभं राहणारी माणसं आपण.

---

गणिती | १६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

आणि शिर्डीला व्हीआयपी पास काढणारी पण आपणच :)

सीरियसली सांगायचं तर सगळ्या दिवशी घ्यायची गरज नाही. ॲनिमल किंगडमला सकाळी लवकर पोचलात तर पास न घेताही भागतं. मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला घ्या. आणि आईचे गुडघे म्हणालात ना, मग तो पैसा रांग वाचवण्यासाठी नाही, उभं राहणं वाचवण्यासाठी समजा.

---

मीनाकाकू | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

अबोली, मी कोथरूडची, वय वर्षे ७०. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेले होते तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. तुम्ही सगळे मुलांचं बोलताय, मी जरा दुसऱ्या बाजूने सांगते.

माझ्या सुनेने पण खूप तयारी केली होती, कौतुकच आहे, मुलांची एकही राइड चुकली नाही. पण त्या तयारीत मी कुठे होते सांगू? बाकावर. सगळ्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, काढलेली जॅकेटं आणि मी. "आई तुम्ही बसा इथे, आम्ही आलोच" म्हणून जायचे आणि पाऊण तासाने यायचे. तीन दिवस मी अमेरिकेतली बाकं बघितली. बाकं चांगली आहेत, तक्रार नाही.

शेवटच्या दिवशी नातू म्हणाला आजी तू पण चल, आणि त्याने मला पीपलमूव्हरमध्ये बसवलं. उंचावरून हळूहळू जाणारी गाडी आहे, धक्का नाही बिक्का नाही, रांगही फारशी नव्हती, वारा छान लागतो. मी त्यात चार वेळा बसले. तेव्हा कळलं की मला जमेल असं तिथे कितीतरी होतं. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस म्हणून एक आहे, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जत्रेसाठी केलेलं, आपण खुर्चीत बसायचं आणि अख्खं थिएटरच गोल फिरतं. सफारी आहे, वाघ आहेत. पण मला कोणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय बघायचंय, आणि मलाही बाई काय काय आहे तेच माहीत नव्हतं, मग मागणार काय.

तेव्हा तुझ्या त्या सात पानांत आईबाबांचं एक पान आहे का बघ. आणि आईसाठी व्हीलचेअर घ्या, गेटपाशी भाड्याने मिळते, पण संपते पण, तेव्हा सकाळीच घ्या. ती नाहीच म्हणेल. मी पण नाहीच म्हटलं होतं. माझ्या घड्याळात त्या दिवशी एकोणीस हजार पावलं झाली आणि रात्री पाय मिठाच्या पाण्यात.

---

अबोली_एडिसन | १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

काकू, वाचून पोटात कालवलं. माझ्या सहाव्या शीटमध्ये आई-बाबांच्या रकान्यात सगळीकडे "बाकावर" असंच लिहिलंय. खरंच तोच शब्द.

आत्ताच दोघांना विचारलं. आई म्हणाली मला काही नको, तुम्ही मजा करा, मी बघेन. बाबांनी जरा विचार करून विचारलं, तिथं शेतीचं काही असतंय का. नवरा हसला. बाबांची तासगावकडे द्राक्षबाग आहे.

---

गणिती | १६ ऑगस्ट, रात्री ११:०२

नवऱ्याला सांगा हसू नका, आहे! एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड. बोटीत बसून खरोखरच्या हरितगृहांतून फिरवतात, मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, मत्स्यशेती, साच्यात घालून मिकीच्या आकाराचे केलेले भोपळे. उंचीची अट नाही. बाबांसाठीच केलंय म्हणायचं.

---

ऑर्लँडोवासी | १७ ऑगस्ट, दुपारी १२:१५

उशिरा आलो. इथे राहतो, पाहुण्यांना सोडायला-आणायला वर्षातून पाच-सहा चकरा होतात, त्यामुळे काही गावठी सल्ले.

आधी वाईट बातमी. अबोलीताई, तुमचा जो आठवडा आहे ना, त्याला इथे नावच पडलंय, जर्सी वीक. अख्खी न्यूजर्सी त्याच सुट्टीत इथे येते. तुम्हाला एडिसनच्या ग्रोसरीतली माणसं कासलसमोर भेटतील. ख्रिसमसइतकी गर्दी नसते पण रिकामं असेल या भ्रमात राहू नका.

चांगली बातमी, हवा मस्त असते. उन्हाळ्यात इथे दुपारी गडगडाट ठरलेला, वीज चमकली की बाहेरच्या राइड बंद करतात. नोव्हेंबरात ते संपलेलं असतं. "पाऊस पडला तर" ही तुमची सातवी शीट निम्मी करा.

मॅजिक किंगडमचा दिवस निवडताना त्या दिवसाचं टायमिंग बघा. ऑगस्टपासून ख्रिसमसपर्यंत काही संध्याकाळी तिथे वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहालाच बाहेर काढतात. मुलांना रात्रीचे फटाके दाखवायचे असतील तर तो दिवस टाळा. फटाके नको असतील तर मात्र तोच दिवस घ्या, गर्दी कमी असते.

खाणं आत न्यायला परवानगी आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. काचेच्या बरण्या नकोत, दारू नको, गरम करावं लागेल असं नको. ठेपले, दशम्या, चटणी, लाडू सगळं चालतं. काउंटरवर मागितलं तर गार पाण्याचा ग्लास फुकट देतात.

आणि सलग चार दिवस पार्क करू नका. मध्ये एक दिवस झोपा. स्विमिंग पूल असेल तर पोरं म्हणतील हीच सगळ्यात भारी राइड होती.

---

अबोली_एडिसन | १७ ऑगस्ट, दुपारी २:००

जर्सी वीक??? मला वाटत होतं मी फार हुशारीने आठवडा शोधलाय.

आता मोठा प्रश्न, आतलं हॉटेल का बाहेर किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर? आतल्याला अर्धा तास आधी प्रवेश, ७ दिवस आधी बुकिंग. घरात आईला पोळ्या करता येतील आणि बाबांना सकाळी साडेपाचला चहा. नवऱ्याचं मत आतलं, माझं मत घर, आईचं मत "मला कुठेही चालेल", म्हणजे घर.

---

बंडू_बेफिकीर | १७ ऑगस्ट, दुपारी २:२०

साडेपाचच्या चहापुढे अर्ध्या तासाचा प्रवेश काय घेऊन बसलात. घर घ्या.

---

चिमणी | १७ ऑगस्ट, दुपारी ४:४५

सहा माणसं आहात, आतल्या स्वस्त हॉटेलात एका साध्या खोलीत मावणार नाही, दोन खोल्या घ्याव्या लागतील. घरच. फक्त एक कर, एका संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटला जा, तिथे न राहता पण जेवायला जाता येतं. नान आणि कितीतरी प्रकारच्या चटण्या-लोणची एकत्र येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ फिरत असतात. उजेड असताना जा नाहीतर जिराफ दिसणार नाहीत.

---

अबोली_एडिसन | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. जाऊन आलो, सगळे धड आहेत, दोन कपडे धुवायचे लोड अजून बाकी आहेत. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलं होतं म्हणून वृत्तांत देणं माझं कामच आहे.

आधी मॅजिक किंगडम. ३ दिवस आधी सकाळी ७ चं बुकिंग मी आणि नवऱ्याने दोन फोनवर केलं, म्हणजे मी केलं आणि त्याच्या फोनवर पासवर्ड विसरला होता. घरातून पावणेसातला निघालो, बंडूने सांगितलेला तळ्याचा घोळ आधी माहीत होता म्हणून बोटीत बसताना कोणाची चिडचिड नाही झाली, उलट बाबांना बोटच सगळ्यात आवडली. पहिल्या दीड तासात तीन राइड झाल्या. त्यानंतर सकाळी अकरा ते दुपारी चार हे पाच तास जर्सी वीक म्हणजे काय ते कळलं. मुलाच्या शाळेतले दोन जण खरंच भेटले.

व्हीलचेअरला आई नको म्हणाली. मग आम्ही ती "मुलांच्या बॅगा ठेवायला" म्हणून घेतली. अकरापर्यंत बॅगा बसल्या होत्या, अकरानंतर आई. पीपलमूव्हरमध्ये आई-बाबा दोघंच तीन फेऱ्या मारून आले, काकू, तुमची आठवण काढली.

आणि आता ऐका, सात शीट, उंचीचे कॉलम, पावसाचा प्लॅन, आणि त्यात काय नव्हतं? संकष्टी! फटाक्यांच्या दिवशीच संकष्टी आली आणि हे मला पार्कात आई म्हणाली तेव्हा कळलं, "अगं मला आज उपास आहे, मी सांगितलं नाही का". नशीब खाणं आत नेता येतं हे माहीत होतं म्हणून तिच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी, सगळं होतं, तिचं प्लॅनिंग माझ्याहून चोख निघालं. रात्री ती चंद्र शोधत होती. फटाके सुरू झाले, सगळं पब्लिक कासलकडे तोंड करून, आणि आई एकटी उलट्या दिशेला. धूर विरेपर्यंत तिने वाट बघितली, मग एका दुकानाच्या छपरावरून दिसला एकदाचा. हात जोडले, लाडू खाल्ला, मग म्हणाली, काय गं, कसे होते फटाके.

एपकॉट. इथे माझं सहावं शीट अधिकृतपणे वारलं. बाबांना बोटीत बसवलं. बाहेर आले, काही बोलले नाहीत, सरळ परत रांगेत. दुसऱ्यांदा आले, म्हणाले ते हवेत मुळं लोंबतायत त्यांच्यावर फवारा किती वेळाने मारतात ते नीट बघायचं राहिलं. माझा त्याच वेळी गार्डियन्स या राइडचा स्लॉट होता, सिंगल पास, वेगळे पैसे मोजलेला, आणि मला ती राइड जुलैपासून करायची होती. नवरा आणि मुलगा गेले. मी पण निघालेच होते, पण बाबा तिसऱ्यांदा रांगेत उभे होते, ज्यांना रेशनच्या रांगेत पाच मिनिटं धीर नसायचा ते, आणि त्यांना बोटीतलं इंग्लिश निवेदन निम्मं कळत नव्हतं. मग मी त्यांच्या शेजारी बसून भाषांतर केलं. भाषांतर कसलं, तेच मला सांगत होते. म्हणाले, "पाणी आपल्यापेक्षा कमी लागतंय ह्यांना, पण वीज गेली की दोन तासांत सगळं झोपणार." संध्याकाळी जेवताना मुलगा राइड सांगत होता आणि बाबा टोमॅटो सांगत होते, दोघंही हातवारे करून, एकमेकांचं न ऐकता.

स्लॉट गेला तो गेलाच. वाईट वाटलं का, हो वाटलं, उगाच नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी.

मधल्या दिवशी काहीच केलं नाही, ऑर्लँडोवासी, तुमचं ऐकलं. पूल. आईने पिठलं-भात केला.

हॉलिवूड स्टुडिओजचं फारसं लिहित नाही, मुलांचा दिवस होता. मुलगी सव्वाअडतीस इंच भरली आणि स्लिंकी डॉगमध्ये बसली, उतरल्यावर म्हणाली परत नको. महिनाभर मोजत होते मी ती उंची!

ॲनिमल किंगडमला सफारी सकाळी सकाळी केली, मग वाघ. तो आशियाचा भाग म्हणजे आनंदपूर नावाचं खोटं गाव केलंय, पडकी भिंत, उडालेला रंग, जुन्या पाट्या, लोंबणाऱ्या वायरी. आई भिंतीला हात लावून म्हणाली हे पोपडे आलेत ते रंगवत का नाहीत. तिला सांगितलं मुद्दाम जुनं दिसावं म्हणून केलंय, त्याला खर्च आलाय. त्यावर ती म्हणाली, मग आमच्या गावचं स्टँड बघायला या म्हणावं, तिकीट पण नाही. सनाला पण गेलो, जिराफ दिसले, लोणचं आईला पास.

आता कामाचं. सातपैकी कुठली शीट उघडली ती सांगते. रोजचा पार्क आणि त्याची वेळ, उंची, बुकिंगच्या तारखा आणि काकूंच्या सांगण्यावरून केलेलं आठवं, आई-बाबांचं. अर्ध्या तासाचं वेळापत्रक पहिल्या दिवशी दहा वाजता बंद केलं. खाण्याचं शीट कोणीच बघितलं नाही, भूक लागेल तेव्हा फोनवरून ऑर्डर केली, शिवाय दशम्या. जुलै-ऑगस्टमध्ये मी जेवढे व्हिडिओ बघितले त्यातले पहिले पाच-सहा उपयोगी होते, पुढचे शंभर माझी भीती घालवायला बघितले आणि त्यांनी भीती वाढवली.

---

मीनाकाकू | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

चंद्राचं वाचून हसू आलं गं. बाबांना नमस्कार सांग. टोमॅटोचा फोटो टाक.

---

तात्या_टेक्सास | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वृत्तांत आवडला. आम्ही फेब्रुवारीत नातवंडांना घेऊन जायचं म्हणतोय. ती एक्सेल जरा इमेल करता का. सहावी शीट नको.

---

शिवाजीपार्ककर | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

दशम्या आत नेता येतात म्हणजे एस्सेलवर्ल्डपेक्षा फार काही वेगळं दिसत नाही.

---

नवखा_नाशिककर | १९ डिसेंबर, रात्री ११:५५

हा धागा आत्ता सापडला. आम्ही परवा निघतोय, डॅलसहून, तिकिटं आणि हॉटेल (बाहेरचं) सोडून काहीही केलेलं नाही. मुलगी साडेचार वर्षांची. बायको झोपलीये, तिला वाटतंय मी सगळं बघितलंय. आता काय काय होऊ शकतं?

---

गणिती | २० डिसेंबर, रात्री १२:१०

पार्क कोणत्या दिवशी कुठला? पहिला दिवस ३ दिवसांच्या आत आला असेल तर लाइटनिंग लेन आत्ताच उघडी आहे, जे मिळेल ते घ्या, सकाळची वाट बघू नका. पुढच्या दिवसांसाठी रोज सकाळी ७ फ्लोरिडाचे, म्हणजे डॅलसमध्ये असेपर्यंत तुमचे ६. ॲप डाउनलोड करा, तिकिटं त्यात जोडा, कार्ड घाला. पॉवर बँक. गर्दीचा आठवडा आहे, गेट उघडायच्या तासभर आधी पोचा.

---

चिमणी | २० डिसेंबर, रात्री १२:१८

मुलीची उंची मोजा. आत्ता. झोपली असेल तर सकाळी.

---

नवखा_नाशिककर | २० डिसेंबर, रात्री १२:४०

दोन राइड मिळाल्या, आभारी आहे! झोपेतच मोजली, साडेसदतीस भरतेय. ३८ ला अर्धा इंच कमी. बूट घालून मोजतात का काढून?

---

अबोली_एडिसन | २० डिसेंबर, सकाळी ६:५०

घालून मोजतात. पण बुटात काही कोंबू नका, शंका आली तर काढायला लावतात. आणि परत एकदा उभी करून मोजा हो, झोपेत काय मोजता.